सोप्यापासून परड्यापर्यंत एकच गाणं: घरातले वायरलेस स्पीकर एकत्र वाजवताना

घरातले सगळे स्पीकर आधी एका जागी आणून मांडा. मुलीने वाढदिवसाला दिलेला, मोबाइल घेताना भेट आलेला, पुण्याच्या दिरांनी दिवाळीला आणलेला, कपाटावर धूळ खात पडलेला, सगळे. मग एकेक उलटा करून बुडावरची अक्षरं वाचा. नुसतं ब्लूटूथ लिहिलंय, का वाय-फायसुद्धा? मॉडेलचं नाव काय, पुढचा आकडा काय? हे कागदावर लिहून काढल्याशिवाय फोनला हात लावू नका. निम्मी डोकेदुखी त्या कागदावरच मिटते.

बेळगावच्या शहापुरात आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं जुनं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात व्हॉल्व्हचे रेडिओ यायचे, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. आता दुकानात मिस्टर बसतात आणि घरोघरी जाऊन जोडणी करून द्यायचं काम माझं. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, कधी येळ्ळूर, कधी पार खानापूर. फोन ठरलेला असतो: “अक्का, दोन स्पीकर घेतलेत, पण दोन्ही एकदम वाजंनात की ओ.” नाहीतर त्याहून अवघड: “वाजायलेत, पण एक पुढं पळतोय.”

पहिल्या तक्रारीचा उपाय एखाद्या बटणात असतो. दुसरीसाठी आवाज कुठून कसा येतो ते थोडं समजून घ्यावं लागतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

एक पुढं का पळतो

फोन गाणं जसंच्या तसं पाठवत नाही. तो ते दाबून लहान करतो आणि तुकड्या-तुकड्यांनी हवेतून सोडतो. स्पीकर ते तुकडे थोडे साठवतो, उलगडतो आणि मग वाजवतो. साठवायचे अशासाठी, की एखादा तुकडा वाटेत अडला तरी गाणं तुटू नये. साध्या ब्लूटूथवर या सगळ्यात १०० ते २०० मिलिसेकंद (सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद) सहज जातात, कधी जास्तही. स्पीकर एकटा असेल तर कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण दोन वेगळ्या कंपन्यांचे शेजारी ठेवले आणि एकाने १२० घेतले, दुसऱ्याने २००, तर मधले ८० मिलिसेकंद कानाला बोचतात. आपला कान साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक पोटात घालतो आणि दोन्ही आवाज एकच समजतो. त्याच्या पुढे गेलं की टाळ दोनदा वाजतो, शब्दाला शेपूट फुटते. तबल्यासारख्या टोकदार आवाजात तर त्याच्याही आधी खडबड जाणवायला लागते.

आता दुसरी गोष्ट. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एका फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. एवढा हिशेब पाठ करून ठेवा, पुढे कामाला येईल.

शहापुरातली जुनी घरं तुम्हाला माहीत असतील. तोंड लहान, पोट लांब: रस्त्यावर कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि मागे परडं, सगळं एका ओळीत. असं साठ फुटी घर असेल तर सोप्यातला आवाज परड्यात पोचायला पन्नासावर मिलिसेकंद लागतात. म्हणजे दोन्ही टोकांच्या स्पीकरांनी अगदी एकाच क्षणी वाजवलं, तरी परड्यात धुणं वाळत घालणाऱ्या बाईला सोप्यातलं गाणं मागाहून आल्यासारखं वाटणार. यात स्पीकरचा दोष नाही, ॲपचाही नाही. एका टोकाला एक दांडगा स्पीकर ठेवण्याऐवजी खोलीगणिक लहान लहान ठेवा आणि प्रत्येकाचा आवाज त्या खोलीपुरताच राखा. जवळचा ऐकू आला आणि लांबचा दबला की झालं. मधलं दार ओढून घेतलं तरी फरक पडतो. गिऱ्हाइकांना हे पटत नाही, त्यांना दांडगाच हवा असतो.

एकाच खोलीत दोन असतील तर

तिथं ब्लूटूथ पुरतं. साध्या ब्लूटूथची मूळ मांडणी एका फोनला एक स्पीकर अशी आहे, त्यामुळे दुसरा जोडायचा तर काहीतरी युक्ती लागते. एक युक्ती अशी की फोनच दोघांना वेगवेगळं पाठवतो. दुसरी अशी की फोन एकाला पाठवतो आणि तो आपल्या जोडीदाराला पुढे देतो. मी दुसरीच पसंत करते. तिथं दोन्ही स्पीकर एकाच कंपनीचे असतात, आणि कुणाला किती वेळ लागतो याचा मेळ कंपनीने आधीच घातलेला असतो.

स्वस्तातल्या स्पीकरांवर या सोयीला टीडब्ल्यूएस म्हणतात आणि ती बहुतेक वेळा एकाच मॉडेलच्या दोन नगांत चालते. करायचं असं. फोनच्या ब्लूटूथ यादीत दोघांपैकी कुणाचंही नाव असेल तर ते आधी काढून टाका. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. मग दुसरा स्पीकर चालू झाल्या झाल्या जुन्या ओळखीने फोनला जाऊन चिकटतो, जोडीदाराकडे बघतसुद्धा नाही. फोनचं ब्लूटूथ बंद करा, घरातल्या बाकीच्या फोनांचंही. दोन्ही स्पीकर चालू करून हातभर अंतरावर ठेवा. एकावरचं जोडीचं बटण दाबा. काहींना ते वेगळं असतं, काहींत प्ले किंवा मोडचं बटण दोनदा दाबावं लागतं किंवा धरून ठेवावं लागतं. खोक्यातल्या घडीच्या कागदावर ते असतं, तो फेकू नका. सूर वाजून दिवे स्थिर झाले की फोनचं ब्लूटूथ लावा. आता फोनला एकाच स्पीकरशी जोडायचं. गाणं दोघांतून आलं की जोडी जमली. एकातूनच आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

जेबीएल घेणारे आपल्याकडे बरेच आहेत, त्यांनी पिढी बघावी. फ्लिप ४, चार्ज ४ यांच्यात कनेक्ट प्लस नावाची सोय आहे. फ्लिप ५, फ्लिप ६, चार्ज ५ यांच्यात पार्टीबूस्ट. फ्लिप ७, चार्ज ६, गो ४, क्लिप ५ यांच्यात ऑराकास्ट. नाव एकाच कंपनीचं असलं तरी या तीन पिढ्यांचं आपापसात जमत नाही. गो ३ ला तर यातलं काहीच नाही. थोरल्या मुलाने फ्लिप ४ घेतला आणि धाकट्याने फ्लिप ६, की दोघं मिळून दुकानात येतात. त्यांना मी काही जोडून देऊ शकत नाही, फक्त कुणाचा कुठल्या खोलीत ठेवायचा ते सांगते. एकाच पिढीचे असतील तर काम सोपं: पहिल्यावर गाणं लावा, त्याच्यावरचं जोडीचं बटण दाबा, मग दुसऱ्यावरचं. पार्टीबूस्टची खूण इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखी असते. सोनीमध्ये हेच पार्टी कनेक्ट या नावाने मिळतं. डावा-उजवा आवाज वेगळा हवा असेल तर मात्र बहुतेक सगळ्या कंपन्या दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे मागतात.

पहिली युक्ती, म्हणजे फोननेच दोघांना पाठवायची, सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनांत ड्युअल ऑडिओ म्हणून आहे. २०१७ च्या एस ८ पासून ती आली. दोन्ही स्पीकर फोनला जोडायचे आणि आवाज कुठे पाठवायचा त्या यादीत दोघांवर खूण करायची. कंपनी कुठलीही चालते, हा फायदा. पण वर सांगितलेले ८० मिलिसेकंद इथंच भेटतात. एक स्पीकर हॉलमध्ये आणि दुसरा दार लावलेल्या खोलीत असेल तर चालून जातं. एकाच खोलीत नको.

ऑराकास्टबद्दल हल्ली लोक विचारतात. ती ब्लूटूथची नवी पद्धत आहे, २०२२ मध्ये जाहीर झाली. यात आवाज एकाच ठिकाणहून रेडिओ केंद्रासारखा सोडला जातो आणि आसपासचे कितीही स्पीकर तो पकडू शकतात. तत्त्वतः वेगवेगळ्या कंपन्यांचेही. तरी घेण्याआधी दुकानदाराला दोन्ही समोर ठेवून वाजवून दाखवायला सांगा. तत्त्वावर पैसे देऊ नका.

आणि भिंती. ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटर सांगतात तो मोकळ्या जागेतला. आपल्याकडे दीड-दोन फुटी मातीची किंवा दगडी भिंत मध्ये आली की तो निम्म्यावर येतो, दोन भिंती आल्या की संपतो. या लहरी पाण्यात मुरतात, त्यामुळे खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली की उन्हाळ्यात बरा चाललेला स्पीकर अडखळायला लागतो. तो बिघडलेला नसतो. खिडकीच्या किंवा दाराच्या रेषेत आणून ठेवा. माणसाचं अंगसुद्धा या लहरी अडवतं. घर पाहुण्यांनी भरलं की गाणं तुटतं ते त्यामुळे.

सगळ्या घराला हवं असेल तर

तर वाय-फायवाले स्पीकर घ्या. गुगलचे नेस्ट, ॲमेझॉनचे इको, ॲपलचे होमपॉड, किंवा आत क्रोमकास्टची (गुगलची, फोनवरून हुकूम घेऊन वाजायची) सोय असलेले दुसऱ्या कंपन्यांचे. इथं फोनचं काम फक्त हुकूम देण्याचं. गाणं राउटरमार्गे स्पीकरकडे येतं आणि गटातले सगळे स्पीकर एकाच घड्याळावर चालतात: हा तुकडा अमुक क्षणी वाजवायचा, असं ठरवूनच. म्हणून ते जुळतात. फोन घेऊन तुम्ही खडे बाजारात गेलात तरी घरात गाणं चालूच राहतं. ब्लूटूथवर ते गल्लीच्या तोंडाशीच बंद पडलं असतं, आणि मध्येच फोन आला तर भूपाळीऐवजी रिंग वाजली असती.

एक पक्कं: गुगलचा गट गुगलच्या जगात, ॲमेझॉनचा ॲमेझॉनच्या. नेस्ट आणि इको एका गटात बसत नाहीत. पहिला जो घेतला तोच धरून पुढचे घ्या.

गुगलसाठी प्रत्येक स्पीकर आधी गुगल होम ॲपमध्ये एकाच खात्यावर आणि एकाच वाय-फायवर आणायचा. मग ॲपमधल्या अधिकच्या खुणेवर जाऊन स्पीकर ग्रुप निवडायचा, हवे त्या स्पीकरांवर खूण करायची, गटाला नाव द्यायचं, सेव्ह करायचं. ॲप अद्ययावत झालं की बटणांच्या जागा इकडेतिकडे होतात, पण स्पीकर ग्रुप हे शब्द शोधले की सापडतं. पुढे गाण्याच्या ॲपमधलं कास्टचं चिन्ह दाबलं की यादीत एकेका स्पीकरबरोबर गटाचंही नाव दिसतं. त्यावर बोट ठेवा. ॲलेक्सा ॲपमध्ये डिव्हाइसेस, मग अधिकची खूण, मग स्पीकर एकत्र करण्याचा पर्याय आणि त्यात मल्टी-रूम म्युझिक. ॲपलवाल्यांना एअरप्ले २ आहे; फोनवर गाणं लावून एअरप्लेच्या यादीत हवे ते स्पीकर निवडले की संपलं.

गटाचं नाव कुठल्याही एका स्पीकरच्या नावासारखं ठेवू नका. ‘हॉल’ नावाचा स्पीकर आणि ‘हॉल’ नावाचा गट असेल तर यंत्र गोंधळतं. मी सरळ ‘होम’, ‘किचन’, ‘अपस्टेअर्स’ असली नावं ठेवते, कारण हे स्पीकर हुकूम ऐकतात ते इंग्रजी-हिंदीत. सासूबाई त्याला मराठीतच सांगतात, आणि ऐकलं नाही की माझ्याकडे बघतात.

भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर आलेलं असतं, ते सगळ्या घरात वाजवायचं असतं. फोनवरून ब्लूटूथने एका इकोला पाठवलं तर ते त्या एकातच वाजतं, गटात जात नाही. गुगलच्या गटासाठी कास्टचं चिन्ह असलेलं प्लेअर ॲप फोनमध्ये घ्या आणि फाईल त्यातून उघडा.

जुने चांगले स्पीकर टाकून देऊ नका. नेस्ट मिनीला एखादा ब्लूटूथ स्पीकर कायमचा जोडून ठेवता येतो आणि मिनी गटात असली की तो स्पीकरही गटात वाजतो. मिनीचा आवाज लहान, तेव्हा माजघरात हे फार उपयोगी. इको डॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीला मागे साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे. त्यातून साधी ऑक्स वायर काढून जुन्या डेकला किंवा ॲम्प्लीफायरला दिली की वीस वर्षांपूर्वीचा डेकही गटात येतो. पाचव्या पिढीत ते भोक काढून टाकलंय. नवीन म्हणून पाचवी घ्यायची घाई करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

राउटरची जागा

वाय-फायच्या गटात बिघाड होतो तो बहुतेक राउटरपाशी. तार जिथून घरात शिरते तिथंच राउटर टांगलेला असतो: दाराजवळ, मीटरच्या वर. लांबट घरात म्हणजे निम्म्या लहरी रस्त्यावर. बसवणाऱ्याला थोडी तार जास्त ओढायला सांगा आणि राउटर माजघरात, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाटावर नको, भांड्यांच्या मांडणीमागे तर मुळीच नको. स्टीलचे डबे लहरींना आरशासारखे परतवतात. मायक्रोवेव्हही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो, त्यामुळे तो लावला की शेजारचा स्पीकर अडखळू शकतो.

राउटर दोन नावं दाखवत असेल, एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झचं, तर जाड भिंतीपलीकडच्या स्पीकरला २.४ द्या. ५ वेगवान आहे पण भिंतीत लवकर मरतं. राउटरजवळच्या स्पीकरला ५ चालेल. दोन्ही एकाच राउटरची असतील तर गट सहसा फुटत नाही.

गट फुटतो तो दोन राउटरांनी. निपाणीच्या एका तीन मजली घरात वरच्या मजल्यासाठी वेगळा राउटर घेतला होता, तारेने खालच्याला जोडलेला. नाव-पासवर्ड दोन्हींचा सारखा ठेवलेला, इंटरनेट दोन्हीकडे छान. पण वरचा स्पीकर खालच्या फोनवर दिसायलाच तयार नाही. कारण दोन्ही राउटर आपापले पत्ते वाटत होते, म्हणजे एका घरात दोन गावं झाली होती. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असतो, तो लावला की पत्ते एकटा पहिलाच वाटतो आणि सगळे एकमेकांना दिसायला लागतात. गेस्ट नेटवर्कवर स्पीकर ठेवला तरी हेच होतं. पाहुण्यांनी घरातली यंत्रं बघू नयेत म्हणूनच ते नेटवर्क असतं. काही राउटरांत एपी आयसोलेशन नावाचा, यंत्रांना एकमेकांपासून तोडणारा पर्याय चालू असतो, तो बंद करा.

फोनच्या हॉटस्पॉटवर गट करायच्या भानगडीत पडू नका. ज्याचा फोन, तो घराबाहेर पडला की सगळं मुकं.

टिकटिक लावून तपासा

गट झाला. आता जुळलाय का, हे गाण्यावर नीट कळत नाही, कारण गाण्यात आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. मेट्रोनोमचा किंवा एकेका टाळीचा ट्रॅक लावा, सेकंदाला एक ठोका एवढा संथ. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभे राहा. एकच ‘टक’ ऐकू आला तर हात झटकून चहा घ्या. ‘टटक’ असं दुहेरी आलं तर एक जण मागे आहे.

मागे कोण, ते पायांनी शोधायचं. हळूहळू एका स्पीकरकडे चालत जा. दोन ठोके जवळ येत येत एक झाले, तर ज्याच्याकडे चालत गेलात तोच मागे पडलेला. आणखी दूर गेले, तर दुसऱ्याकडे चाला. ठोके एक झाले तिथं थांबा आणि दोन्ही स्पीकरांपासूनचं अंतर मोजा. एक सहा फुटांवर, दुसरा अठरा फुटांवर असेल तर फरक बारा फूट, म्हणजे जवळचा स्पीकर जवळजवळ बारा मिलिसेकंद मागे आहे. फूट म्हणजे मिलिसेकंद, तोच हिशेब. खोलीच्या लांबीत ठोके एक होतच नसतील तर फरक मोठा आहे, तो बहुधा एखादा स्पीकर मध्ये ब्लूटूथने जोडल्यामुळे.

गुगल होम ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये, ऑडिओखाली, ग्रुप डिले करेक्शन नावाची पट्टी आहे. टिकटिक चालू ठेवून ती थोडी थोडी सरकवा, प्रत्येक वेळी दोन-तीन ठोके ऐका. मिनीला ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर हे करावंच लागतं. पट्टी सरकवताना स्पीकर जागचा हलवू नका, नाहीतर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दहा-पंधरा मिलिसेकंदांवर आलं की थांबा. त्याहून जास्त फरक तुम्ही सोप्यातून माजघरात गेलात तरी पडतो.

जिथं तारच बरी

मी वायरलेस विकते, तरी काही घरांत तारच घालून देते. भजनाला माईक लावायचा असेल, हार्मोनियम-तबला चालू असताना आवाज बाहेरच्या खोलीत द्यायचा असेल, तर ब्लूटूथ नको आणि वाय-फायचा गट तर नकोच. गटात आवाज एखाद्या सेकंदानेही मागे असू शकतो. आपलाच आवाज मागून ऐकत कुणाला गाता येत नाही. साधा दोन चॅनेलचा ॲम्प्लीफायर, चार लहान स्पीकर, दोन पदरी तार. तारेतून विजेला लागणारा वेळ कान मोजू शकत नाही. ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओम होतात, तेव्हा ॲम्प्लीफायरच्या पाठीवर ४ ओम चालतात असं लिहिलंय का ते बघून घ्या. फोनवरूनच लावायचं असेल तर ब्लूटूथ आत असलेला ॲम्प्लीफायर मिळतो. मग उशीर झाला तरी चारही स्पीकरांना सारखाच.

टीव्हीचा आवाज गटावर टाकायचा मोह होतो, विशेषतः सामन्याच्या दिवशी. चेंडू सीमेपार गेलेला दिसतो आणि समालोचक अजून गोलंदाजाच्या धावण्यावर असतो. टीव्हीला एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल (टीव्हीतून आवाज बाहेर काढायच्या) तारेने साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, द्या, तो प्रश्न वेगळाच ठेवा. तसंच आकाशवाणीचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगली नाहीतर धारवाड केंद्र हवं असतं. ते मोबाइल ॲपवरून ऐकता येतं, पण इंटरनेटवरचं प्रसारण रेडिओपेक्षा बरंच मागे चालतं. सोप्यात जुना रेडिओ आणि आत ॲप असं एकदम लावलं तर बातम्या दोनदा ऐकाव्या लागतात.

आवाज किती ठेवायचा हे खोलीगणिक ठरवा, गटाच्या एकाच पट्टीवर सोडू नका. ॲपमध्ये गट उघडला की प्रत्येक स्पीकरची वेगळी पट्टी दिसते. स्वयंपाकघरात मिक्सर, कुकर, तिथं थोडा जास्त. देवघरात कमी. जोडभिंतीच्या घरात स्पीकर शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. खर्ज भिंतीतून पलीकडे जातो आणि गाणं त्यांना कानडी हवं असतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. काकड आरतीला पहाटे लावणाऱ्यांनी ते सहा लक्षात ठेवावेत.

लाईट गेल्यावर

पावसाळ्यात हे रोजचंच. लाईट आली की स्पीकर लगेच जागे होतात, राउटरला मात्र उठायला एक-दोन मिनिटं लागतात. तोवर वाय-फाय शोधून काही स्पीकर थकतात आणि गटातून गळल्यासारखे दिसतात. राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो, बहुतेक १२ व्होल्टचा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर लिहिलंय ते वाचून तसाच घ्या. काही राउटर ९ व्होल्टचेही असतात. एवढं केलं की लाईट गेली-आली तरी राउटर जागाच राहतो आणि स्पीकर आपले आपण परत येतात.

यूपीएस नसेल तर आधी राउटर चालू होऊ द्या, त्याचा इंटरनेटचा दिवा स्थिर झाला की मग एकेक स्पीकर प्लगातून काढून पुन्हा लावा. गट ॲपमध्ये दिसतोय पण एखादा स्पीकर गप्प आहे, तर आधी त्या एकट्यावर गाणं लावून बघा. एकटा वाजला तर गट पुसून नव्याने करा, त्याला फार वेळ लागत नाही. एकटाही वाजला नाही तर त्याचं वाय-फाय तपासा. फॅक्टरी रीसेटचं बटण मात्र सगळ्यात शेवटी. कारण त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड लागतो, आणि तो ज्या मुलाने ठेवलेला असतो तो बेंगळूरला असतो, आणि दिवसा फोन उचलत नाही.